सेट जागा का सोडतो?

जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगहून कारवार, पणजी, बेळगाव ही गावे हवाई अंतराने जवळचीच. पण मध्ये सह्याद्रीचे कडे आहेत आणि काळी नदीच्या खोऱ्यातले दाट जंगल आहे. अशा ठिकाणी हौशी रेडिओवाल्याच्या, म्हणजे हॅमच्या, हातात मावणाऱ्या १४४ मेगाहर्ट्झच्या सेटचा फारसा उपयोग होत नाही. त्याची लहर सरळ जाते आणि पहिल्याच डोंगराला अडते. इथे कामाला येतो तो ७ मेगाहर्ट्झचा, चाळीस मीटरचा पट्टा. झाडांच्या मधे फार उंच न ताणलेल्या साध्या डायपोलमधून निघालेली लहर जवळजवळ उभी वर जाते, आयनांबरावरून परतते आणि डोंगर ओलांडून काही शे किलोमीटरच्या टापूत उतरते. दिवसा एका बाजूला पुणे आणि दुसऱ्या बाजूला मंगळुरू सहज ऐकू येते.

म्हणून घाटातल्या हॅमचा पहिला सेट बहुधा याच पट्ट्याचा असतो, आणि तोही घरी जुळवलेला नाहीतर जुना विकत घेतलेला. त्याची पहिली तक्रारही ठरलेली असते. सकाळी ७.१०० वर लावलेला सेट अर्ध्या तासात खाली सरकतो, समोरच्याचा आवाज आधी जाड, मग नाकातून आल्यासारखा होतो, आणि नेटवरचा, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एकत्र बोलणाऱ्या हॅमच्या गटातला, कोणीतरी सांगतो, ‘तुम्ही फ्रिक्वेन्सी सोडलीत.’ या सरकण्यावर, म्हणजे ड्रिफ्टवर, गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ डोकी चालली आहेत. त्यातून हाती आलेले उपाय कोणते आणि घाटातल्या हवेत, घाटातल्या विजेवर त्यांतले कोणते खरे ठरतात, ते पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. ड्रिफ्टचा दोष आपण सवयीने उष्णतेवर टाकतो आणि लगेच ऑसिलेटरला हात घालतो. बाजारकुणंगसारख्या गावात आधी बॅटरी तपासावी, मग ओल, आणि उष्णतेकडे त्यानंतर वळावे.

किती सरकले म्हणजे बिघाड म्हणायचा, हे तुम्ही काय करता त्यावर अवलंबून आहे. एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या नेहमीच्या पद्धतीने, बोलताना वीस-तीस हर्ट्झचा फरक कानाला कळतही नाही. पन्नासच्या पुढे आवाज अनैसर्गिक वाटू लागतो आणि दोनशेला शब्द लावताना त्रास होतो. मोर्सवाल्याला सूर बदललेला कळतो, पण काम अडत नाही. संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या पद्धती मात्र कडक आहेत. २०१७ मध्ये आलेल्या एफटी-८ या पद्धतीत दोन सुरांमधले अंतर ६.२५ हर्ट्झ असते आणि प्रत्येक पाळी पंधरा सेकंदांची. डब्ल्यूएसपीआर या पद्धतीत हेच अंतर दीड हर्ट्झपेक्षा कमी आहे आणि प्रक्षेपण जवळजवळ दोन मिनिटे अखंड चालते. तेवढ्या वेळात सेट चार हर्ट्झपेक्षा जास्त हलला तर संदेश उलगडणे अवघड. म्हणजे गप्पांना उत्तम असलेला सेट तिथे नापास होऊ शकतो. सेटला नावे ठेवण्याआधी त्याच्याकडून काय हवे ते ठरवलेले बरे.

गटात बोलताना आणखी एक गोष्ट घडते. एकाचा सेट सरकला की दुसरा त्याच्यामागे डायल फिरवतो. ट्रान्सिव्हरमध्ये ऐकणे आणि बोलणे एकाच डायलवर असल्यामुळे दुसऱ्याचे प्रक्षेपणही हलते. मग तिसरा फिरवतो. तासाभरात अख्खे नेट दोन किलोहर्ट्झ खाली उतरलेले असते आणि प्रत्येकाला वाटते आपण जागेवरच आहोत. यासाठीच आरआयटीचे बटण असते, ज्याने फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी हलते. आपत्तीच्या काळात ही बाब किरकोळ राहत नाही. २००४ च्या त्सुनामीत अंदमानात पोर्ट ब्लेअरला असलेल्या हॅम मंडळींनी मुख्य भूमीशी संपर्क ठेवला होता. अशा वेळी अनेक केंद्रे एकाच जागी कान लावून असतात आणि सरकणारे केंद्र सगळ्यांचा वेळ खाते.

परवान्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे हा पट्टा ७.०००पासून ७.२०० मेगाहर्ट्झपर्यंत, आणि त्याच्या वर प्रक्षेपण केंद्रांची हद्द सुरू होते. ज्याचा सेट किलोहर्ट्झभर हलतो त्याने पट्ट्याच्या कडेला बसू नये.

आता शोध कसा घ्यायचा. पहिला प्रश्न असा की सरकतो तो आपलाच सेट कशावरून? यासाठी बाहेरचा खात्रीचा संदर्भ लागतो. एके काळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे एटीए हे वेळ-संकेत केंद्र १० मेगाहर्ट्झवर ऐकू येई. आज आपल्याला जवळचे म्हणजे चीनमधले बीपीएम. ते ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर असते. ज्याच्या सेटला किंवा वेगळ्या रिसीव्हरला १० मेगाहर्ट्झ लागतो त्याने यूएसबीवर, म्हणजे वरच्या साइडबँडवर, ९.९९९ लावावे. वाहक लहरीचा बरोबर १,००० हर्ट्झचा सूर ऐकू आला पाहिजे. तो फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपवर उभ्या रेघेसारखा दिसतो आणि रेघ वाकली की ड्रिफ्ट डोळ्यांना दिसतो. फक्त ७ मेगाहर्ट्झचा सेट असेल तर ७.२००च्या वरच्या एखाद्या मोठ्या प्रक्षेपण केंद्राचा वाहक घ्यावा, किंवा पट्ट्यातलाच एखादा चांगला आधुनिक सेट असलेला मित्र. संगणकाला लावायच्या स्वस्त आरटीएल-एसडीआर रिसीव्हरच्या कांडीवर मात्र विश्वास टाकू नये. टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर, नसलेल्या कांडीचा स्वतःचा क्रिस्टल गरम होताना चांगलाच हलतो, आणि मग कोण कोणाला मोजते आहे तेच कळत नाही.

मोजताना एक लक्षात ठेवावे. पहाटे आणि संध्याकाळी आयनांबराचे थर वरखाली होतात, तेव्हा डॉप्लर परिणामाने ७ मेगाहर्ट्झवरचा संकेत हर्ट्झच्या अंशाने, कधी हर्ट्झभर हलतो. तो कोणाच्याही सेटचा दोष नाही. उपग्रहावर तर हा आकडा किलोहर्ट्झमध्ये जातो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झचा संकेत डोक्यावरून जाताना तीन किलोहर्ट्झच्या वर सरकतो.

सरकतो तो आपलाच सेट असे ठरले की सेट चालू केल्यापासून दर पाच मिनिटांनी फ्रिक्वेन्सी वहीत लिहावी, सोबत सेटच्या पेटीतले तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज. तासाभराच्या या तीन रकान्यांतून पुढच्या अर्ध्या वाटा बंद होतात. फ्रिक्वेन्सी सुरुवातीला भरभर आणि मग मंदावत उतरत असेल तर उष्णता. बोलण्याचे बटण (पीटीटी) दाबताच उडी मारून सोडताच परत येत असेल तर वीजपुरवठा किंवा सेटमध्ये शिरणारी त्याचीच रेडिओ लहर (आरएफ). टेबलाला धक्का लागला की हलत असेल तर सैल स्क्रू, थंड सोल्डर किंवा गँग कंडेन्सरचा गंजलेला स्पर्श. आणि सुरुवातीचा तासभर फ्रिक्वेन्सी हळूहळू वर चढत असेल तर ओल वाळते आहे, असे समजायला हरकत नाही.

बॅटरीपासून सुरू करू. पावसाळ्यात तारांवर फांद्या पडल्या की वीज जाते, त्यामुळे घाटातला सेट बहुधा सोलर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरीवर चालतो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. शंभर वॅटचा सेट बोलताना वीस अँपिअरपर्यंत ओढतो. वायर बारीक असेल आणि वायर, फ्यूज, क्लिप मिळून फक्त ०.१ ओहम रोध असेल, तरी दोन व्होल्ट वाटेतच जातात. सेटला मिळतात साडेदहा. बाजारातले बहुतेक सेट ११.७ व्होल्टच्या खाली काम करतील अशी हमी कंपनी देत नाही.

घरगुती सेट इतका करंट ओढत नाही, पण त्याचे दुखणे वेगळे आहे. त्यात व्हीएफओला, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या बदलत्या ऑसिलेटरला, ९ व्होल्ट देणारी ७८०९ ही रेग्युलेटर चिप असते. तिला आत येणारा व्होल्टेज बाहेर जाणाऱ्यापेक्षा साधारण दोन व्होल्टने जास्त लागतो, म्हणजे ११. उतरलेल्या बॅटरीवर बोलताना तेवढे मिळत नाहीत आणि रेग्युलेटर नियमन सोडून देतो. व्हॅरॅक्टरवर, म्हणजे व्होल्टेजने धारकता बदलणाऱ्या डायोडवर, ट्यूनिंग असेल तर हा प्रत्येक मिलिव्होल्ट फ्रिक्वेन्सीत उतरतो. शब्दागणिक करंट बदलतो, त्याबरोबर फ्रिक्वेन्सी थरथरते. मोर्सवर हाच दोष प्रत्येक टिंबाला चिवचिवाट होऊन ऐकू येतो. तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर रेग्युलेटरच्या बाहेरच्या पायावर लावावा, माइकमध्ये लांब शिट्टी मारावी आणि काटा हलतो का पाहावे. हलला तर व्हीएफओला वेगळी लहान बॅटरी जोडून पुन्हा शिट्टी मारावी. फ्रिक्वेन्सी ठाम राहिली तर दोष ऑसिलेटरचा नाही. जाड वायर, घट्ट क्लिप आणि ९ ऐवजी ८ व्होल्टचा रेग्युलेटर एवढ्यात काम होते. रेग्युलेटर बदलल्यावर डायलचे आकडे मात्र पुन्हा जुळवून घ्यावे लागतील.

बॅटरी निर्दोष असूनही पीटीटीवर उडी येत असेल तर अँटेना काढून डमी लोड, म्हणजे लहर बाहेर न सोडणारा रोध, लावावा. उडी गेली तर घरात फिरणारी आरएफ व्हीएफओत शिरते आहे. एका टोकाला जोडलेली लांब तार घरातच आणणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. कोॲक्सवर फेराइटचा चोक, व्हीएफओला पत्र्याची बंद पेटी आणि त्यानंतर बफरचा एक टप्पा, एवढे पुरते.

ओलीचा विषय मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण या विषयावरचे बहुतेक लेखन कोरड्या, थंड देशांतले आहे आणि त्यात ओल दोन ओळींत संपते. जून ते सप्टेंबर इथल्या घरात भिंतीला हात लावला तरी ओल लागते, कपाटातल्या कातडी वस्तूंवर बुरशी चढते. तीच हवा सेटमध्ये असते. पाण्याचा पारविद्युत स्थिरांक सुमारे ८०, हवेचा १. कॉइलच्या वेढ्यांमध्ये, ट्रिमरच्या पात्यांमध्ये किंवा स्वस्त, तपकिरी फिनॉलिक बोर्डात ओलीचा पुसटसा थर शिरला तरी धारकता वाढते आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. सोल्डरिंगनंतर न धुतलेला फ्लक्स ओल धरून ठेवतो आणि त्यातून गळतीचा करंट वाहू लागतो. व्हॅरॅक्टरच्या वाटेवर मेगओहमचे रोध असतात. तिथे एवढी गळतीही ट्यूनिंगचा व्होल्टेज हलवायला पुरेशी असते. सेट चालू केला की आतल्या उबेने हे सारे हळूहळू वाळते आणि फ्रिक्वेन्सी वर चढते. हिवाळ्यात ठीक असलेला सेट आषाढात बिघडतो आणि दिवाळीला आपोआप सुधारतो, त्याचे कारण बहुधा हेच.

उपाय खर्चाचे नाहीत. व्हीएफओच्या भागातला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ धुवावा, दिवसभर उन्हात किंवा चुलीपासून दूर पण उबदार जागी वाळवावा आणि मग पातळ लाखेचा हात द्यावा. कॉइलवर मेणाचा लेप चालतो, पण आधी वाळवणे महत्त्वाचे, नाहीतर ओल आतच कोंडली जाते. फिनॉलिक बोर्डऐवजी काचतंतूचा बोर्ड घ्यावा. आणि सेट न वापरता ठेवायचा असेल तर कोकणात कॅमेऱ्यासाठी करतात तसे बंद कपाटात झिरोचा बल्ब तेवत ठेवावा. वीजच नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. सिलिका जेल महिन्या-दोन महिन्यांनी तव्यावर मंद आचेवर तापवले की पुन्हा उपयोगी पडते.

मग उरते ती खरी उष्णता, आणि इथे जुन्या लोकांचे काम फार मोलाचे आहे. हार्टली आणि कोल्पिट्स यांचे ऑसिलेटर अनुक्रमे १९१५ आणि १९१८ मधले. पुढे १९४८ चा क्लॅपचा ऑसिलेटर आणि त्याच सुमाराचा चेक अभियंता वाकारचा, या दोघांची धडपड एकच होती: ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्हची बदलती धारकता मुख्य कॉइल-कंडेन्सरपासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवायची. उरलेला ड्रिफ्ट कॉइल आणि कंडेन्सरचा. हिशेब सरळ आहे. कॉइल दशलक्षात जितकी वाढते त्याच्या निम्म्याने फ्रिक्वेन्सी उतरते. ५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ पिवळ्या लोहचूर्ण टोरॉइडवर असेल तर कॉइल दर अंशाला सुमारे ३५ भागांनी वाढते, म्हणजे फ्रिक्वेन्सी दर अंशाला ८७ हर्ट्झ खाली. पेटीतले तापमान दहा अंश चढले की पाऊण किलोहर्ट्झच्या वर गेलेच. लाल टोरॉइडचा गुणांक ९५, म्हणजे तिथे दर अंशाला जवळजवळ २४० हर्ट्झ. दुकानदाराने पिवळ्याऐवजी लाल दिला तर सेट तिपटीच्या घरात सरकतो.

हे भरून काढायला उलट दिशेने जाणारा कंडेन्सर लागतो. पॉलिस्टायरीनची धारकता तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे १५० भागांनी घटते, तर एनपी-झिरो सिरॅमिकची जवळजवळ स्थिर राहते. पिवळ्या टोरॉइडचे ३५ भरून काढायचे तर एकूण धारकतेचा पाव हिस्साही पुरतो. एकूण ४०० पिकोफॅरड असतील तर त्यातले ९० च्या आसपास पॉलिस्टायरीन, बाकी एनपी-झिरो. कागदावर गणित जुळते, प्रत्यक्षात शेवटची जुळणी हातानेच करावी लागते. थर्माकोलच्या डब्यात व्हीएफओ आणि कमी वॅटचा बल्ब ठेवून, आतले तापमान दहा अंश चढवून वहीत मांडायचे, कंडेन्सर बदलायचा, पुन्हा मांडायचे. कॉइल गुंडाळल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून, गार करून, पूर्ण वाळवण्याची पद्धतही चांगली आहे. तारेतला ताण निघून जातो आणि कॉइल प्रत्येक वेळी त्याच जागी परत येते.

नेमका कोणता भाग हलतो ते शोधायला महागडा फवारा लागत नाही. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवावा. सेट चालू, सूर कानात. बोळा एकेका भागावर क्षणभर टेकवावा. अल्कोहोल उडून जाताना तो भाग थंड होतो. बहुतेक भागांवर सूर हलत नाही. एका कंडेन्सरवर तो एकदम वर जातो आणि काही सेकंदांत खाली घसरत परततो. तोच आपला गुन्हेगार, आणि बहुधा तो कोणीतरी एनपी-झिरो म्हणून विकलेला साधा सिरॅमिक असतो. लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा बेंगळुरूच्या एस.पी. रोडवर खुल्या डब्यातून उचललेल्या कंडेन्सरची ही परीक्षा बोर्डावर लावण्याआधीच घेता येते.

दुसरी शाळा म्हणते, ऑसिलेटर सुधारत बसू नका, त्याला बांधून ठेवा. डच हॅम क्लास स्पारगारेन यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘हफ अँड पफ’ हा त्यातला सर्वांत देखणा उपाय. क्रिस्टलच्या ठोक्यावर व्हीएफओ सतत मोजायचा आणि तो सरकला की व्हॅरॅक्टरला किंचित उलटा झटका द्यायचा. दोन-तीन साध्या लॉजिक चिप पुरतात. जुना, आवडता व्हीएफओ सेट ज्याला मोडायचा नाही त्याच्यासाठी हा उपाय आजही उत्तम आहे. मात्र मुळात फार सरकणारा ऑसिलेटर याच्या हाती लागत नाही, तो एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो.

तिसरी वाट म्हणजे व्हीएफओ काढूनच टाकणे. भारतात ती रूढ व्हायला हैदराबादच्या अश्हर फरहान यांचे बीआयटीएक्स सेट मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहेत. त्यांच्या मूळ रचनेत आयात टोरॉइडऐवजी नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळली होती, जेणेकरून कोणत्याही गावात सेट उभा राहावा. २०१६ च्या बीआयटीएक्स-४० बोर्डावर ५ मेगाहर्ट्झच्या घरातला व्हॅरॅक्टरचा व्हीएफओ होता आणि तो सरकत असे. मग त्याला जोडून रडुइनो हा छोटा बोर्ड आला, ज्यावर अर्डुइनो नॅनो आणि क्रिस्टलवरून हवी ती फ्रिक्वेन्सी घडवणारी एसआय ५३५१ ही चिप आहे. सेट एकदम शहाणा झाला. पण ड्रिफ्ट नाहीसा झाला असे नव्हे. तो २५ मेगाहर्ट्झच्या एका चिमुकल्या क्रिस्टलमध्ये जाऊन बसला. त्याच बोर्डावर शेजारी ७८०५ रेग्युलेटर बारा व्होल्टचे पाच करताना तापत असतो आणि ती ऊब क्रिस्टलपर्यंत पोचते. ७ मेगाहर्ट्झवर बोलताना हे कळत नाही, डब्ल्यूएसपीआरवर लगेच कळते. ७८०५ वायरने लांब नेऊन पेटीच्या पत्र्यावर बसवला आणि क्रिस्टलवर फोमचे लहान टोपडे चढवले की मोठा फरक पडतो. पंख्याची झुळूक थेट क्रिस्टलवर येऊ देऊ नये.

क्रिस्टलचा तापमानाशी संबंध वाकडा आहे. १९३४ मध्ये बेल प्रयोगशाळेत शोधलेल्या एटी कापाच्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी खोलीच्या तापमानाजवळ फार हलत नाही, दोन्ही टोकांना मात्र वळते. टीसीएक्सओ हे वळण आतच भरून काढतो. आयकॉमच्या ७३००ला कंपनी ०.५ पीपीएमची (दशलक्षात अर्ध्या भागाची) हमी देते, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर साडेतीन हर्ट्झ. येसूच्या एफटी-८१७ला मूळ क्रिस्टलवर पहिल्या तासासाठी ४ पीपीएम होते, चाळीस मीटरवर २८ हर्ट्झ. तोच सेट ४३५ मेगाहर्ट्झवर नेला की सतराशे हर्ट्झ. म्हणून त्याचा टीसीएक्सओ वेगळा विकत मिळे.

यापलीकडे ओव्हनमधला क्रिस्टल, रुबिडियम आणि जीपीएसने बांधलेला संदर्भ. नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत आणि मूळ रचनेत प्रत्येकीचा स्थानिक ऑसिलेटर ऑप्टिकल फायबरवरून आलेल्या एकाच संदर्भाशी कुलूपबंद होता. कित्येक किलोमीटर दूरच्या दोन अँटेनांचे संकेत जुळवायचे तर ते अटळच आहे. हॅमला याची गरज ७ मेगाहर्ट्झवर नाही. क्यूओ-१०० या उपग्रहावर मात्र आहे. तो २०१९ पासून हॅमसाठी खुला आहे, आणि त्याचा संकेत १०.४८९ गिगाहर्ट्झवर येतो. तिथे १ पीपीएम म्हणजे साडेदहा किलोहर्ट्झ. छतावरच्या डिशचा एलएनबी, म्हणजे तिच्या तोंडाशी बसवलेला संकेत पकडणारा भाग, उन्हात तापला आणि ढग आला की संकेत पट्टाभर फिरतो. जोयड्याहून हा उपग्रह पश्चिमेकडे क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर दिसायला हवा. ज्याच्या अंगणाच्या पश्चिमेला उंच डोंगर किंवा गर्द झाडी नाही त्याने जीपीएसच्या संदर्भावर पैसे घालावेत. बाकीच्यांनी ते बॅटरी आणि चांगल्या वायरीवर घालावेत.

बाजारकुणंगच्या घरगुती सेटसाठी माझी शिफारस एसआय ५३५१चा बोर्ड आणि त्याच्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या जागी १ पीपीएमचा टीसीएक्सओ अशी आहे. टीसीएक्सओचा आउटपुट चिपच्या एक्सए पायावर लहान कंडेन्सरमधून द्यावा आणि एक्सबी मोकळा सोडावा. चिपला त्या पायावर एक व्होल्टच्या आसपासचाच संकेत सोसतो, तेव्हा ३.३ व्होल्टचा टीसीएक्सओ असेल तर रोधांचा विभाजक घालावा. मग अर्धा तास सेट तापू द्यावा, बीपीएमशी ताडून अर्डुइनोच्या प्रोग्रॅममधला सुधारणेचा आकडा भरावा. हे एकदा श्रावणात आणि एकदा पौषात करावे आणि दोन्ही आकडे तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी आकडा बदललेला दिसला तर थोडा फरक क्रिस्टलच्या वयाचा असतो, पहिल्या वर्षी जास्त आणि नंतर कमी. फरक मोठा असेल तर पुन्हा मल्टीमीटर हातात घेऊन बॅटरीच्या क्लिपपासून सुरुवात करावी.